घरच्या फिल्मवर चरा पडू नये म्हणून: जुना प्रोजेक्टर लावण्यापूर्वीची तयारी

माळ्यावरच्या ट्रंकेतून ८ मिमीचा प्रोजेक्टर आणि रिळांचे डबे निघाले की घरात सगळ्यांना एकच घाई होते: लाव एकदा, दिसतं का बघू. ही घाईच फिल्मच्या मुळावर येते. घरगुती कॅमेऱ्यात वापरलेली बहुतेक फिल्म रिव्हर्सल जातीची असायची. जी पट्टी कॅमेऱ्यात घातली तीच धुऊन आली आणि तीच प्रोजेक्टरवर चढली. तिला निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. आजोबांचं नागपूरच्या महाल भागातलं लग्न, अंबाझरी तलावावरची सहल, इतवारीतून निघालेली मारबतीची मिरवणूक, जे काही त्या पट्टीवर आहे ते फक्त तिथेच आहे.

म्हणून या लेखात नियम एकच आहे आणि बाकी सगळं त्याच्यासाठी आहे: निरुपयोगी फिल्म प्रोजेक्टरमधून एकही चरा न पडता बाहेर आल्याशिवाय घरची फिल्म त्यात घालायची नाही.

चरा कुठे पडतो, कसा ओळखायचा

फिल्मला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत आणि चकचकीत, हा ॲसिटेटचा पाया, म्हणजे बेस. दुसरी जराशी मंद. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर तिच्यावर चित्राचा हलका उठाव दिसतो. हे इमल्शन. जिलेटिनच्या या पातळ थरातच चित्र असतं. बेसवर चरा पडला तर तिथे प्रकाश विखुरतो आणि पडद्यावर काळी रेघ दिसते, पण चित्र शाबूत असतं. इमल्शनवरचा चरा रंगाचे थर खरवडून नेतो. मग रेघ निळसर-हिरवट दिसते आणि फार खोल गेली तर पांढरी. तेवढं चित्र कायमचं गेलं.

रेघेच्या आकारावरून कारण बरंच कळतं. रीळभर एकाच जागी सरळ जाणारी रेघ म्हणजे न हलणारी एखादी जागा फिल्मला घासते आहे. बहुधा गेट (दिव्यासमोरची जागा, जिथून फिल्म सरकते), प्रेशर प्लेट (फिल्म गेटवर दाबून धरणारी पट्टी) किंवा अडकून बसलेला रोलर. डावी-उजवीकडे डुलणारी रेघ असेल तर फिल्म सैल असताना, सहसा रिळाच्या जवळ, कशाला तरी लागते आहे. दर चौकटीत, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्रात, ठरावीक जागी टोचल्यासारखी खूण दिसली तर ती क्लॉची, म्हणजे फिल्म खाली ओढणाऱ्या नखीची. आणि आखूड, तुटक रेघांचा झुबका मध्येच कुठेतरी दिसला तर रीळ सैल आहे म्हणून कोणीतरी टोक ओढून ते घट्ट केलं आहे. वेटोळ्यांमध्ये बसलेली धूळ त्या ओढीत दोन थरांच्या मध्ये रगडली जाते. ही सवय फार घरांत असते. ती आजपासून बंद करा.

गेटमधला एक कण किती नुकसान करतो याचा हिशेब बघा. १५ मीटरच्या सुपर ८ (८ मिमीचाच नंतरचा प्रकार) रिळात ३६०० चौकटी असतात आणि सेकंदाला १८ या वेगाने त्या ३ मिनिटं २० सेकंदांत संपतात. प्रत्येक चौकट गेटमध्ये येऊन थांबते, दाबली जाते, पुढे ओढली जाते. कण तिथेच चिकटलेला असेल तर एकाच खेळात तो सगळ्या ३६०० चौकटींवरून फिरतो. चौकट जेमतेम साडेपाच मिमी रुंद. मीटरभर पडद्यावर ती सुमारे १८० पट मोठी होते, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा चरा तिथे बोटभर जाड वाटतो.

आधी फिल्म कोणती ते बघा

८ मिमी फिल्म १९३२ मध्ये आली, सुपर ८ १९६५ मध्ये. रुंदी दोघींची सारखीच, पण छिद्रं वेगळी. जुन्या ८ मिमीची छिद्रं मोठी असतात आणि दोन चौकटींच्या मधल्या रेघेपाशी येतात. सुपर ८ ची छिद्रं लहान असतात आणि चौकटीच्या मध्याशी येतात. एकीच्या प्रोजेक्टरवर दुसरी चढवली तर नखी छिद्रात न बसता फिल्मच्या अंगावर आदळते. दोन्ही चालवणारे प्रोजेक्टर असतात, पण त्यांतही कळ फिरवावी लागते आणि काहींमध्ये गेटचा भागही बदलावा लागतो. १६ मिमी मात्र रुंदीवरूनच कळते.

मग डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट कुजायला लागलं आहे. असं रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा, कारण त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं. कुजणारी फिल्म आक्रसते. आक्रसलेल्या फिल्मची छिद्रं नखीशी जुळत नाहीत, मग नखी दर चौकटीला छिद्राची कड कुरतडते.

आक्रसणं घरी मोजता येतं आणि त्याला स्टीलची पट्टी पुरते. फिल्म टेबलावर सपाट ठेवा आणि एका छिद्राच्या वरच्या कडेपासून पुढच्या १०० व्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. जुन्या ८ मिमीत हे अंतर ३८.१ सेंमी असायला हवं, सुपर ८ मध्ये ४२.३ सेंमी, १६ मिमीत ७६.२ सेंमी. ८ मिमी किंवा सुपर ८ मध्ये ते ३ मिमीहून जास्त कमी भरलं, किंवा १६ मिमीत ६ मिमीहून जास्त, तर ती फिल्म प्रोजेक्टरवर लावू नका. एकाच जागी मोजून थांबू नका. रिळाच्या सुरुवातीला आणि आतल्या वेटोळ्यांत, दोन्हीकडे मोजा; आतला भाग बरेचदा जास्त बिघडलेला असतो.

फिल्म वाकवल्यावर कडकड वाजत असेल, तिच्या कडा लाटांसारख्या झाल्या असतील किंवा तिच्यावर बुरशीची जाळी असेल तरीही तिला बाजूला ठेवा. बुरशी जिलेटिन खाते आणि त्या जागी इमल्शन पाण्यात विरघळण्याइतकं कच्चं होतं. ओल्या फडक्याने पुसलंत तर चित्र फडक्यावर येईल.

जोड तपासायला हातमोजे घालून फिल्मच्या दोन्ही कडा बोटांत हलक्या धरा आणि हळूहळू सरकवत न्या. जोड बोटाला लागतो. सुटलेला, वर उचललेला किंवा चिकट झालेला जोड गेटमध्ये अडकतो. कोणी सेलोटेप लावला असेल तर तो काढावाच लागतो, कारण त्याचा डिंक उन्हाळ्यात पाझरून शेजारच्या वेटोळ्यांना चिकटतो. जोडासाठी फिल्मचीच खास टेप मिळते, ती ऑनलाइन मागवा.

नागपुरात हे काम कधी आणि कुठे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा इतकी कोरडी होते की फिल्म ठिसूळ वागते आणि घासताना तिच्यात स्थिर वीज तयार होऊन ती धूळ ओढून घेते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर रीळ उघडूसुद्धा नका. पावसाळ्यात उलट त्रास: जिलेटिन ओल धरतं, मऊ पडतं आणि सहज खरवडलं जातं.

आपल्याकडच्या घरांत एक गोष्ट आवर्जून सांभाळायची, ती म्हणजे कूलर. ताट्यांमधून येणारी ओली हवा, पाण्यातल्या क्षारांची पांढरी भुकटी आणि ताट्यांचे बारीक तंतू, सगळं थेट उघड्या प्रोजेक्टरवर बसतं. ज्या खोलीत कूलर चालू आहे तिथे फिल्म काढू नका. पंखाही बंद ठेवा. जागा पुसायची असेल तर आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारला की उडालेली धूळ कितीतरी वेळ हवेत राहते.

सामान

९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात, सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा. हातांचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन आणि पाणी असतं. तंतू न सोडणारं मऊ कापड, कापसाचे बड्स, बांबूच्या काड्या किंवा टूथपिक, हवा मारायचा रबरी फुगा, मऊ ब्रश, भिंग आणि टॉर्च. फिल्म पुसायला पांढरी मखमल लागते. गांधीबागेच्या कापडबाजारात ती मीटरने मिळते. धुऊन, वाळवून, झटकून मगच वापरा.

चाचणीची फिल्म हे सगळ्यांत महत्त्वाचं सामान. जुन्या, कोणाच्या उपयोगाच्या नसलेल्या ८ मिमी रिळांचे गठ्ठे ऑनलाइन मिळतात. पांढरा प्लॅस्टिकचा लीडर, म्हणजे फिल्मच्या टोकाला जोडायची कोरी पट्टी, चाचणीला पुरत नाही, कारण त्याच्यावर इमल्शनच नसतं. धुतलेली, गडद चित्रांची फिल्म घ्या. काळ्यावर चरा लगेच दिसतो.

गेट साफ करणं

प्लग काढा. प्रोजेक्टर आधी चालवलेला असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या. लेन्स काढा किंवा तिचं दार उघडा आणि टॉर्च तिरका धरून गेटकडे बघा. फिल्म ज्या दोन उभ्या, चकचकीत पट्ट्यांवरून सरकते त्यांवर बरेचदा तपकिरी, काचेसारखे कडक ठिपके असतात. ते वर्षानुवर्षं फिल्मवरून निघालेलं इमल्शन आहे. घरच्या फिल्मवर पडणाऱ्या सरळ चऱ्यांचं हे सर्वांत मोठं कारण, आणि नुसत्या फुंकरीने किंवा ब्रशने ते जात नाही.

इथे पुष्कळ लोक थेट अल्कोहोल लावतात आणि ठिपका हलत नाही म्हणून चाकू किंवा स्क्रूड्रायव्हर घेतात. धातूचं हत्यार गेटला अजिबात लावू नका. गेटच्या पट्टीवर तुम्ही पाडलेला ओरखडा पुढे प्रत्येक फिल्मवर उमटत राहील. ठिपका जिलेटिनचा आहे आणि जिलेटिन पाण्याने मऊ होतं, अल्कोहोलने नाही. बड साध्या पाण्यात बुडवून चांगला पिळा, ठिपक्यावर मिनिटभर धरा, मग बांबूच्या काडीच्या चपट्या टोकाने हळूच सरकवा. निघेपर्यंत पुन्हा पुन्हा हेच करा. नंतर अल्कोहोलच्या बडने पुसा, म्हणजे पाणी आणि तेलाचा अंश दोन्ही जातील आणि धातू गंजणार नाही.

प्रेशर प्लेट सुटत असेल तर काढून तिच्या दोन्ही कडा अशाच साफ करा. तिची स्प्रिंग वाकवून दाब कमी करायच्या फंदात पडू नका. दाब कमी झाला की चित्र थरथरतं आणि फिल्म गेटमध्ये आपटते. मग चौकटीची खिडकी: तिच्या कडांना चिकटलेले केस आणि तंतू फुग्याने उडवा, उरलेले काडीने काढा. नखी बाहेर येते त्या फटीतही धूळ आणि फिल्मचा चुरा साचतो.

साफ झाल्यावर कोरडा बड गेटच्या पट्ट्यांवरून, प्लेटवरून, वरच्या-खालच्या मार्गदर्शकांवरून फिल्म जाते त्या दिशेने हलकेच ओढा. कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथे बारीक कुसळ आहे. बोटाला न कळणारं कुसळ कापसाला कळतं. असं निघालं तर पॉलिश पेपरने घासू नका, क्रोमचा मुलामा जाईल. तो भाग बदलणं किंवा जाणत्या मेकॅनिककडून गुळगुळीत करून घेणं हाच उपाय.

रोलर आणि स्प्रॉकेट (फिल्म ओढणारं दातेरी चाक). रोलर मध्यभागी थोडे खोल असतात, म्हणजे फिल्म फक्त कडांवर टेकावी आणि चित्राला काही लागू नये. त्या खोलगट भागात मळ भरला की रचनेचा हेतूच संपतो. प्रत्येक रोलर बोटाने फिरवून बघा. जो फिरत नाही तो घासतो. स्प्रॉकेटच्या दातांच्या मुळाशी काडी फिरवा. शेवटी रिकामी रिळं, म्हणजे फिल्म गुंडाळायची चाकं: वाकलेली धातूची किंवा तडकलेली प्लॅस्टिकची रीळ सरळ करत बसण्यापेक्षा फेका.

तेल आणि पट्टे

तेल फक्त माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या जागी, एकेक थेंब. शिलाई मशीनचं हलकं तेल बहुतेक ठिकाणी चालतं. खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. तेल दिल्यावर प्रोजेक्टर फिल्मशिवाय १०-१५ मिनिटं चालवा, बाहेर आलेलं तेल पुसा आणि गेट पुन्हा एकदा अल्कोहोलने साफ करा. तेलाचा अंश असलेली फिल्म धूळ धरते आणि तीच धूळ घेऊन ती गेटमध्ये जाते.

रबरी पट्टे आपल्याकडच्या उष्णतेत डांबरासारखे वितळतात. तो काळा चिकटा कुठेकुठे उडालाय ते टॉर्चने शोधा. खालच्या रिळाचा, म्हणजे टेक-अपचा पट्टा ढिला असेल तर फिल्म रिळावर न गुंडाळता जमिनीवर सांडते आणि फरशीवरची धूळ घेऊनच परत येते. त्यामुळे हा पट्टा चांगला असल्याची खात्री करा.

परदेशातून आणलेला प्रोजेक्टर ११० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि ६० हर्ट्झसाठी बनलेली मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सावकाश फिरते, म्हणून वेगाचा भाग बदलता येतो का ते बघा.

चाचणी

चाचणीच्या फिल्मचं टोक सरळ कापा. आपोआप फिल्म ओढणाऱ्या मॉडेलला त्याच्याच अंगावर असलेला कटर असतो, तो वापरा. मुडपलेलं टोक हेच अशा प्रोजेक्टरचं मुख्य दुखणं असतं. दिवा बंद ठेवून मोटर चालू करा. पाच-सहा मीटर जाऊ द्या, थांबवा आणि बाहेर आलेला भाग भिंगाखाली दोन्ही बाजूंनी बघा. तोच तुकडा आणखी काही वेळा चालवा. बारीक घर्षण पहिल्या फेरीत दिसत नाही.

चरा दिसला तर तो नेमका कुठे पडतो ते शोधायची रीत अशी. फिल्म मधल्यामध्ये थांबवा आणि प्लग काढा. फिल्म जागच्या जागी असतानाच तिच्यावर पर्मनंट मार्करने खुणा करा: वरच्या स्प्रॉकेटपाशी, गेटच्या तोंडाशी, चौकटीच्या खिडकीपाशी, गेटच्या खाली, खालच्या स्प्रॉकेटपाशी, शेवटच्या रोलरपाशी. मग दार उघडून फिल्म उचलून बाहेर काढा. ओढू नका, नाहीतर जो भाग गेटमधून गेलाच नव्हता तोही घासला जाईल. झाकण खोलून मार्गदर्शक पट्ट्या सोडवाव्या लागल्या तरी ते करा, कारण ही खूण सोन्यासारखी आहे. आता भिंगाखाली बघा: चरा ज्या खुणेपासून सुरू होतो, दोष त्याच जागेत आहे. त्याच्या आधीचा भाग कोरा असतो. चरा कोणत्या बाजूला आहे ते पाहिलं की दोष गेटच्या पट्टीत आहे की प्लेटमध्ये, हेही कळतं.

ती जागा साफ करा, नवीन तुकडा घ्या, पुन्हा चालवा. चाचणीची फिल्म स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा.

घरची फिल्म लावताना

फिल्मच्या दोन्ही टोकांना मीटर-दीड मीटर लीडर जोडा, म्हणजे चढवताना जी ओढाताण होते ती लीडरवर होईल. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फिल्मची इमल्शनची बाजू लेन्सकडे येते. पडद्यावर पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसली तर फिल्म उलटी चढली आहे.

हाताने चढवायच्या प्रोजेक्टरमध्ये गेटच्या वर आणि खाली फिल्मचं सैल वळण, म्हणजे लूप, सोडावं लागतं. स्प्रॉकेट फिल्मला सलग ओढतं आणि नखी झटक्याझटक्याने. या दोन चालींतला फरक लूप सांभाळतो. तो गेला की चित्र घसरायला लागतं, नखी छिद्रं फाडते आणि फिल्म गेटमध्ये ताणली जाते. चढवल्यावर हाताने फिरवायचा नॉब दोन-तीन फेरे फिरवा आणि लूप टिकतो का ते बघा. मगच मोटर, आणि सगळं सुरळीत असल्यावर दिवा. खेळ चालू असताना एका माणसाने पडद्याकडे न बघता फक्त यंत्राकडे लक्ष ठेवायचं, कान देऊन. टकटक बदलली किंवा चित्र उड्या मारायला लागलं की लगेच थांबवायचं. चौकट थांबवून चित्र दाखवायचा मोह टाळा. दिव्याच्या उष्णतेने जुनी फिल्म वाकते किंवा वितळते.

परत गुंडाळताना प्रोजेक्टरची वेगवान रिवाइंड वापरण्यापेक्षा हाताने फिरवायचा रिवाइंडर घ्या. त्याच वेळी मखमलीची घडी दोन बोटांत धरून फिल्म तिच्यातून जाऊ द्या, अगदी हलक्या हाताने, आणि दर काही मीटरला घडीची नवी बाजू घ्या. फिल्म अडखळली तर थांबून बघा. काचेचा क्लीनर, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही लावू नका. चिकट डाग असेल तर चाचणीच्या फिल्मवर आधी पाहून अल्कोहोलचा किंचित ओलसर स्पर्श चालतो, पण कडेला ध्वनीची तपकिरी चुंबकीय पट्टी असेल तर तोही नको.

ठेवणं

माळा म्हणजे स्लॅबच्या खालचा तवा, आणि लोखंडी कपाटाचा वरचा कप्पाही तसाच. रिळं घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत, खालच्या कप्प्यात, आडवी ठेवा. डांबरगोळ्या जवळ ठेवू नका. पावसाळ्यात सिलिका जेल ठेवा, पण पाकिटं फिल्मला चिकटू देऊ नका आणि दर महिन्याला बदला. डब्यावर लिहा: ८ की सुपर ८, १०० छिद्रांचं माप, मोजल्याची तारीख. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजा. आकडा कमी झाला असेल तर ते रीळ स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे घ्या.

आक्रसलेली आणि चरे पडलेली फिल्म स्कॅनिंगला देताना प्रयोगशाळेला दोन गोष्टी आधी विचारा. स्कॅनर नखीने ओढतो की नुसत्या रोलरवरून नेतो? आणि वेट गेट आहे का? वेट गेटमध्ये फिल्म अशा द्रवातून जाते ज्यातून प्रकाश बेसइतकाच वळतो. त्यामुळे बेसवरचे चरे भरल्यासारखे होऊन स्कॅनमध्ये बहुतांशी दिसतच नाहीत. इमल्शनवरच्या खोल चऱ्यांना त्याचा उपयोग नाही. स्कॅन झाल्यावर मूळ रीळ मागून घ्या आणि डब्यावर स्कॅनची तारीख लिहून ते बाकीच्या रिळांसोबत ठेवा.